मामांकडे दिलेली फाईल

ग्रुपवर तो फोटो आला तेव्हा मी बारावीला परागीभवन शिकवत होतो. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये येऊन पाहिला. पिवळ्या पडलेल्या जाड कागदावर वाळलेली टाकळ्याची फांदी, देठाशी काळ्या लोकरीचे तीन टाके, उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. चिठ्ठीवर अक्षर माझं, नाव माझं. आमच्या बॅचच्या मेळाव्याच्या अध्यक्षानं खाली लिहिलं होतं, 'डिपार्टमेंटनं पस्तीस वर्षं जपून ठेवलीय आपल्या हिरोची फाईल! शनिवारी सगळ्यांनी बघायची. सरांच्या हस्ते सत्कार फिक्स.' त्याखाली अंगठे, फुलं, जोडलेले हात.

संध्याकाळी ग्रुपवर एक नवा नंबर जोडला गेला. 'आपला मेंढरंवाला सापडला, कडा गावाकडं हाय,' असं अध्यक्षानं जाहीर केलं. नव्या नंबरवरून एकच शब्द आला, 'येतो.' आधी टाकलेला फोटो त्याला दिसणार नव्हता.

ती फाईल त्या मेंढरंवाल्याची होती. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, बायकोलाही सांगितलेलं नाही. म्हणून आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा आडवळणाला लागेन.

अंबाजोगाईला आम्ही बी.एस्सी.ला होतो. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकानं पन्नास वनस्पती गोळा करायच्या, वर्तमानपत्रात दाबून वाळवायच्या, कागदावर लावायच्या आणि नाव, जागा, निरीक्षण लिहून ती फाईल जमा करायची. फाईल नाही तर परीक्षक प्रॅक्टिकलला उभं करत नसत. आम्ही बहुतेकजण कॉलेजमागच्या पडीक रानातून पंधरा-वीस झुडपं उपटायचो आणि उरलेली एकमेकांना मागत फिरायचो. तो मात्र धनगराच्या घरातला. सुट्टी लागली की मेंढरांमागे बालाघाटच्या डोंगरात. डिंकानं चिकटवलं की कसर लागते म्हणायचा, म्हणून आईनं कातलेल्या लोकरीनं प्रत्येक फांदीला टाके घालायचा. निरीक्षणात लिहायचा, 'कोवळेपणी मेंढ्या खातात, फुलोरा आला की तोंड लावत नाहीत.' असं पुस्तकात कुठे नव्हतं.

मी त्या वर्षी कॉलेजच्या निवडणुकीत गुंतलो होतो. वडील सरपंच, पुढे पंचायत समितीवर गेलेले, घरात जीपगाडी. माझ्या फाईलीत अकरा झाडं होती.

फाईल सरांच्या हातात कुणी देत नसे. ती लॅबच्या शिपाईमामांकडे द्यायची. सही नाही, नोंद नाही. 'मामांकडे दिली' म्हणजे कॉलेजकडे दिली, इतका सगळ्यांचा भरवसा. त्यानं ती आठ दिवस आधीच दिली, कारण मेंढरं चरायला दूर नदीकाठी, गंगथडीला गेलेली आणि वडील तापानं पडलेले. तो मोंढ्याच्या रस्त्यानं स्टँडकडे जाताना मी पाहिला. मग लॅबमध्ये गेलो. मामा चहाला गेले होते. कपाटाला कुलूप कधीच नसायचं.

घरी दोन दिवस दार लावून बसलो. ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या सोडवल्या आणि माझ्या अक्षरात नव्या लिहिल्या. मेंढ्यांसकट, शब्दाला शब्द. टाके तेवढे उसवले नाहीत. उसवले असते तर देठ मोडले असते.

प्रॅक्टिकलच्या सकाळी तो दोघा चुलत भावांना घेऊन थेट एसटीतून उतरून आला. फाईल नव्हती. मामांनी कपाट तीनदा पालथं घातलं, शेवटी फरशीवर आडवं होऊन कपाटाखाली हात घातला. "मी इथंच ठिवलती बाबा, देवाशप्पथ," म्हणत राहिले. त्यानं त्यांची गचांडी धरली. टोपी उडून सिंकमध्ये पडली. "चोरा, कुणाला इकली?" असं तो ओरडत होता आणि मी दाराशी उभा होतो. माझ्या हातात कापडी पिशवी होती. फाईल त्या पिशवीत होती.

मामा कायम नव्हते, रोजंदारीवर होते. तक्रार झाली तशी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. ते घाटनांदूरला गावी गेले. तो पुन्हा परीक्षेला बसलाच नाही. सरांनी माझी फाईल परीक्षकांपुढे धरून म्हटलं होतं, "निरीक्षण याला म्हणतात." सरपंचाच्या पोराला मेंढ्या काय खातात हे कुठून कळलं, असं त्यांनी विचारलं नाही. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की त्यांनी विचारायला हवं होतं. आता तसं वाटत नाही. सरांवर ढकलून मी किती दिवस काढणार होतो?

शनिवारी कॉलेजच्या फाटकातून आत गेलो. तीसेकजण जमले होते. कुणाला कुणी ओळखत नव्हतं, प्रत्येकजण पोटाकडे आणि टकलाकडे बघून अंदाज करत होता. तो चिंचेखाली उभा होता. पांढरा पायजमा, लाल फेटा, अंगानं तसाच काटक. मला बघून दोन्ही हात पसरले.

"आरं, मास्तर झालास म्हणं! लई चांगलं केलंस."

"तू कसा आहेस?"

"बेस हाय. सव्वाशे मेंढरं हायेत, पोरगी नर्सिंग शिकतीय. तुमच्यासारखी शुगर न्हाई, बीपी न्हाई. तुमास्नी तर फाटकापासून हितवर येऊस्तर धाप लागल्याली दिसतीय."

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझे डोळे इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबच्या खिडक्यांकडे गेले.

कार्यक्रमपत्रिका मला पाठ झाली होती. नाश्ता, हजेरी, जेवण, तीन वाजता लॅब पाहणी, लगेच सत्कार. म्हणजे तीनपर्यंत वेळ. तो टेबलापाशी गेला की टाके ओळखणार, याविषयी मला काडीची शंका नव्हती. त्याच्या तोंडून ऐकायचं, की त्याला आधी सांगायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

पोहे खाताना अध्यक्षानं आवाज चढवला. "ए मेंढरंवाल्या, आठवतंय का बे? मामाची टोपी कशी उडवलतीस सिंकमदी!"

"तर! आठवतंय की," तो म्हणाला. "लई रग होती आंगात."

"लई मजा आलती राव!"

पुन्हा हशा. तो हसला, पण लगेच बशी खाली ठेवून पाणी प्यायला उठला. मी त्याच्या मागे गेलो, घागरीपाशी उभा राहिलो आणि त्याला विचारलं, "तिकडे पाऊस कसा आहे?"

पस्तीस वर्षांनी माझ्या तोंडून निघालं ते हे.

मग सरांनी हजेरी घेतली. नव्वदीकडे झुकलेले सर, जुनी वही, रोल नंबरनं पुकारा. "हजर सर," असं म्हणताना चांगली मोठी माणसं पोरांसारखी उभी राहात होती. त्याचा नंबर आला तेव्हा सरांनी चष्म्यातून वर पाहिलं. "तू मध्येच सोडून गेलास ना रे?"

"जी सर."

"हुशार होतास. पण फाईल पूर्ण केली नाहीस."

तो काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "जी सर," आणि खाली बसला.

पावणेतीनला माणसं जिन्याकडे निघाली. मी त्याचा दंड धरला आणि त्याला स्टोअररूमच्या बोळात ओढलं.

"कावून रे? काय झालं?"

"वर जी फाईल मांडलीय ती तुझी आहे. मामांच्या कपाटातून मी घेतली. चिठ्ठ्या बदलल्या."

इतकंच. मी मनात दोन पानांची तयारी केली होती, त्यातलं काही आलं नाही.

वरून अध्यक्षाची हाक ऐकू आली, "चला चला, हिरो कुठाय?" तो मला मारील असं वाटलं, खरं सांगायचं तर मारावं असं वाटलं. त्यानं फेटा काढून हातात घेतला.

"म्हंजी मामानं न्हाई नेली."

"नाही."

"त्यो म्हणत होता, इथंच ठिवलती. देवाशप्पथ म्हणत होता." तो भिंतीला टेकला. "मी बापाच्या वयाच्या मानसाच्या गचांडीला हात घातला. पोरीला सांगत आसतो मी, घरात मोठेपणानं सांगतो, का माजी साळा एका चोरट्या शिपायानं बुडवली म्हणून. आन् तू हुबा होतास. दारात हुबा होतास ना बे?"

"होतो."

"तुला आता हलकं वाटत आसंल."

वाटत होतं, थोडंसं. त्याची लाजही वाटत होती.

"मी वर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो. "माईकवर सांगतो. सत्कार तुझा होऊ दे."

"काय गरज न्हाई." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "हितं सांगितलंस तर टाळ्या वाजवत्याल. म्हणत्याल, बघा केवढं मन हाय मास्तरचं. तुला आजून एक शाल घालत्याल. गाडी आणलीयस का?"

"आणलीय."

"मग चल घाटनांदूरला."

आम्ही मागच्या फाटकानं निघालो. तो पुढच्या सीटवर फेटा मांडीवर घेऊन बसला होता आणि पूर्ण रस्ताभर समोर बघत होता. माझा मोबाईल वाजत राहिला. पाचव्यांदा वाजला तेव्हा तो म्हणाला, "बंद कर त्ये." एका वळणावर मी विचारलं, "ते असतील का?" तो म्हणाला, "नसले तर?" मी गिअर बदलला.

मामा नव्हते. स्टेशनाकडच्या टपरीवर विचारलं तर वारून सहा वर्षं झाली म्हणाले. त्यांच्या बाई आहेत, गल्लीच्या टोकाला पत्र्याचं घर.

बाई सत्तरीच्या पुढच्या. ज्वारी निवडत बसल्या होत्या. कॉलेजातून आलो म्हटल्यावर हात थांबला. त्यांनी सूप बाजूला सारलं, सतरंजी टाकली. तो उंबऱ्यातच उकिडवा बसला. "मावशी, मी त्यो," म्हणाला. "टोपी उडवल्याला."

त्या त्याला बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आन् हे?"

मी सांगितलं. या वेळी थोडं जास्त सांगता आलं, पिशवीपर्यंत.

त्यांनी ना रडं काढलं ना शिवी दिली. म्हणाल्या, "त्यास्नी शेवटी शेवटी सोताचाच भरवसा न्हवता राहिला. म्हणायचे, आगं, मीच कुठं दुसरीकडं ठिवली का काय? दुकानात कामाला लागलते, तितलं कुलूप लावून घरी यायचे आन् पुन्ना बघाया जायाचे. तीन-तीन येळा. लोक हसायचे. मी बी हसायचे." मग म्हणाल्या, "मी बी कदी कदी इचारायचे, खरं सांगा, घेतलती का तुमी?"

तो जमिनीकडे बघत होता.

"मावशी, माझ्या हातून जे होईल..." मी सुरुवात केली.

"व्हईल ते मागून बगू. मला सांगून काय उपेग? मला कोण चोर म्हणत न्हवतं." त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. "समोर आमचे थोरले दीर हायेत. वाटण्या झाल्या तवा भर भावकीत म्हणले होते, कॉलेजात चोरी करून आला त्याला निम्मं कशाला. ह्यांनी मान वर केली न्हाई. तितं चला."

गल्ली ओलांडली. ओट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत, बाजेवर एक खूप म्हातारे गृहस्थ पाय पसरून बसले होते. शेजारच्या दोन बाया आणि पिठाची गिरणी चालवणारा आम्हाला बघून जवळ आले. बाई दिराच्या समोर उभ्या राहिल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोठ्यानं सांगा. त्यास्नी ऐकाया येत न्हाई."

मी मोठ्यानं म्हणालो, "मामांनी फाईल चोरली नव्हती. मी चोरली होती."

म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. मी पुन्हा म्हणालो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसा आवाज काढावा लागला. गिरणीवाल्यानं थट्टा समजून हसून बाईंकडे पाहिलं आणि मग हसायचा थांबला.

"कुणाचा तू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं. गाव सांगितलं.

तालुक्यात ते नाव अजून चालतं. म्हाताऱ्यानं सवयीनं पाय आखडून घेतले, बाजेवर बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली आणि हातानं चादर झटकली.

"सरकू नका, भाऊजी," बाई म्हणाल्या. "हुबं राहूनच बोलू द्या त्यास्नी."

मी उभा राहिलो. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. माझ्या बाजूनं नव्हे, त्यालाही त्याचं सांगायचं होतं. ओट्यापाशी आणखी माणसं जमत होती. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.