स्वतःशीच न जुळणारा माणूस

अकरावा माणूसही जुळला नाही. मी काचेची ट्यूब उजेडासमोर धरून हळूच तिरकी केली. आतलं रक्त नासलेल्या दुधासारखं फुटलं होतं, नुसत्या लाल गुठळ्या.

"न्हाय जुळत?" दारातून तुकामामांनी विचारलं.

"नाही."

"बाई, सख्खा भाऊ हाय की त्यो त्येचा!"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरचा मे महिना. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत टेक्निशियन होते. पेशंट होता बिरू, सांगोल्याकडचा मेंढपाळ. न्यूमोनिया झाला आणि त्यातच पांढराफटक पडत गेला. अंगातलं रक्त आतल्या आत फुटत होतं. वॉर्डचे डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, आज रक्त चढलं नाही तर उद्याचं काही सांगता येणार नाही. त्या काळी सुई म्हटलं की लोक मागच्या दाराने पळायचे. पण बिरूच्या मामांनी, या तुकामामांनी, ट्रकभर माणसं आणली होती. त्यातून ग्रुप जुळणारी अकरा मी निवडली. बिरूची बायको हिरा त्याचा पटका मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली होती. ती कुणाला काहीच विचारत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

आमचं काम थोडक्यात सांगते. रक्तातल्या लाल पेशींच्या अंगावर खुणा असतात. मेंढपाळ मेंढरांच्या पाठीवर रंग लावतात, तशाच. त्यांना अँटिजेन म्हणायचं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं ते सीरम. त्यात पहारेकरी असतात, म्हणजे अँटिबॉडी. परकी खूण दिसली की ते पेशींना चिकटतात आणि गुठळ्या होतात. देणाऱ्याच्या पेशी आणि पेशंटचं सीरम एकत्र करून बघायचं, याला क्रॉसमॅच म्हणतात. गुठळी झाली तर ते रक्त द्यायचं नाही.

अकरा गुठळ्या झाल्यावर मला माझाच संशय आला. म्हणून मी कंट्रोल लावला, म्हणजे बिरूच्याच पेशी आणि बिरूचंच सीरम. हे जुळायलाच पाहिजे. आपलं शरीर आपल्याला ओळखतं, एवढ्या भरवशावर तर आपण जगतो.

तेही फुटलं.

मी लेबलं तपासली. पुन्हा लावलं. पुन्हा फुटलं. मग रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहिलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेब म्हणजे ब्लड बँकेचे इनचार्ज. पंधरा दिवसांपूर्वी आमच्या खोलीत एसी बसला होता, अख्ख्या हॉस्पिटलमधला एकुलता एक. तेव्हापासून साहेबांनी आपलं टेबल आमच्यातच आणलं होतं.

"हे काय? डोनरच्या कॉलममध्ये पेशंटचंच नाव?"

"सर, कंट्रोल आहे. तो स्वतःशीच जुळत नाही."

"ते ठीक आहे. पण डोनरची सही कुठाय?"

"सर, तो पेशंट आहे. ग्लानीत आहे."

"मग अंगठा घ्या. फॉर्म अपुरा चालत नाही."

मी मुकाट्याने वॉर्डात गेले आणि बिरूचा अंगठा घेतला. स्वतःला रक्त द्यायला त्याची हरकत नाही, असं त्या फॉर्मवर छापलेलं होतं. मामांनी विचारलं, हे कशाला? मी खरं तेच सांगितलं. ती माझी चूक.

"म्हंजी ह्येचं रगत ह्येच्याशीच जुळत न्हाय?" मामा खाटेपासून एक पाऊल मागे सरले. "मंग ह्यो हाय तरी कोन?"

पाच मिनिटांत खाटेभोवती चौकशी सुरू झाली. बिरूला हलवून बापाचं नाव विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. आईचं माहेर विचारलं, तेही बरोबर. मग मामांनी कळपातल्या म्होरक्या मेंढ्याचं नाव विचारलं. बिरू पुटपुटला, "राजा."

राजा गेल्या वर्षीच मेला होता. आताचा म्होरक्या सर्जा.

"बगा! ह्यो आपला न्हाय!"

तेव्हा हिरा पहिल्यांदा बोलली. "अवो मामा, बारा रोज तापानं फनफनतुया त्यो! मी वळकती की माजा नवरा. तुमी रगताचं बगा आदी!"

मामा माझ्याकडे वळले. "दावा मला त्ये फुटल्यालं. डोळ्यांनी बगितल्याबिगर मी मानायचा न्हाय."

त्यांना खोलीत घेण्याची सोय नव्हती. दार उघडं राहिलं की साहेब ओरडायचे, गारवा जातो म्हणून. म्हणून मी दोन ट्यूब मुठीत धरून बाहेर लिंबाखाली आले. एक बिरूच्या भावाची, एक बिरूची स्वतःची. भर दुपार. जमिनीवर पाय ठरत नव्हता. मामांनी ट्यूब हातात घेतली, उन्हात धरून हलवली, निरखली.

"कुटं फुटलंय? चांगलं एकजीव हाय की!"

मी हिसकावूनच घेतली. खरंच एकजीव होतं. दुसरीही तशीच. मी आत पळाले. एसीसमोर ट्यूब धरली, दोन मिनिटांत गुठळ्या. बाहेर आणली, गुठळ्या विरघळल्या. पुन्हा आत, पुन्हा गुठळ्या.

"अहो बाई, दार!" साहेब ओरडले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. क्रॉसमॅच शरीराइतक्या उबेत, सदतीस अंशांवर करायचा असतो. त्यासाठी वॉटरबाथ लागतो, म्हणजे ठरावीक उबेचं पाणी राखणारी पेटी. आमची दुरुस्तीला गेली होती ती तीन महिने परत आली नव्हती, आणि आमचं काहीच अडलं नव्हतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात अख्खी खोलीच वॉटरबाथ. ट्यूब खिडकीत ठेवल्या की काम व्हायचं. मग एसी आला आणि वॉटरबाथ नाही हे आम्ही विसरून गेलो.

बिरूच्या पहारेकऱ्यांचा घोटाळाही साधाच होता. जंतू आला की शरीरातली एखादी पेशी त्याला खाते, त्याचा तुकडा आपल्या अंगावर टांगते आणि बाकीच्यांना दाखवते, परका दिसतो तो असा. मग त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. बिरूच्या न्यूमोनियाच्या गडबडीत निघालेल्या काही अँटिबॉडी त्याच्याच लाल पेशींना परक्या समजत होत्या. पण फक्त गारव्यात. उबेत त्यांची पकड सुटायची. रात्री पंख्याखाली हातपाय जरा गार पडले, की त्याच्या अंगातही हेच चालत होतं.

"सर, एसी बंद करावा लागेल."

"किती वेळ?"

"माणूस वाचेपर्यंत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाइल उचलून निघून गेले. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात ट्यूब ठेवल्या. अर्ध्या तासाने एकेक ट्यूब उजेडासमोर धरली. भाऊ जुळला. बिरूही बिरूशी जुळला.

त्या संध्याकाळी वॉर्डात जे दृश्य होतं ते सोलापुरात पुन्हा कुणी पाहिलं नसेल. ऐन मे महिन्यात बिरूच्या अंगावर तीन घोंगड्या. पंखा बंद. रक्ताची नळी कोमट पाण्याच्या पातेल्यातून फिरवलेली, आणि हिरा थर्मामीटर धरून पाणी सांभाळत होती. सगळा वॉर्ड घामाने निथळत आम्हाला शिव्या घालत होता. दुसऱ्या दिवशी बिरूने डोळे उघडून विचारलं, "सर्जाला पानी दावलं का?" हिरा पटक्यात तोंड लपवून रडली. मीही रडले, औषधांच्या खोलीत जाऊन.

डिस्चार्जच्या दिवशी मामा अडून बसले. "बाई, न्हाय जुळत म्हून तुमी लिवलं. आता जुळतूय म्हून लिवून द्या. गावात काय सांगू?"

मी लेटरहेड घेतलं. 'सदर इसम स्वतःशी जुळतो. तापमान सदतीस अंश.' खाली सही, शिक्का. मामांनी ते दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"आन् हिवाळ्यात?"

"काही दिवस घोंगडं पांघरून राहू द्या."

महिन्याभरात वॉटरबाथ आला आणि एसीही पुन्हा सुरू झाला. साहेबांनी एक सर्क्युलर काढलं, यापुढे कंट्रोलसाठी पेशंटचा अंगठा घेण्याची गरज नाही.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. थंडीच्या दिवसांत कधी सकाळी उठल्यावर माझंच माझ्याशी पटत नाही. तेव्हा मी आधी शाल घेते, चहा पिते आणि मगच स्वतःचा रिपोर्ट लिहिते.