ओल्या केसांचा गुन्हा

सातवीत मला दर महिन्याला सर्दी व्हायची आणि दर वेळी खटला चालायचा तो माझ्या केसांवर. केस कमरेखाली गेले होते, धुतले की दिवसभर वाळत नसत. "ओलं डोकं घेऊन हुंदडतेस, मग दुसरं काय होणार?" आई म्हणायची. आधी दही बंद झालं, मग पेरू बंद झाले. नाक वाहायचं ते वाहतच होतं.

उमरोळीहून भाजी घेऊन येणारी मावशी एकदा आईला म्हणाली, "आमच्या पोरी भातलावणीला दिसभर पावसात. डोकी चिंब. त्यांना कुठं हाय सारखी सर्दी? केसांना कशाला बोलता तुमी?" आईने तिच्याकडून वांगी घेतली, सल्ला घेतला नाही.

शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य होतं. मी पुढच्या रांगेत होते, ती माझ्या भरघोस अंबाड्यामुळे. आठ दिवस आधी मी शिंकले. आईने मला मोरीपाशी बसवलं आणि कात्रीने केस मानेपर्यंत उडवले. मी गळा काढून रडले, पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी बाईंनी माझं डोकं पाहिलं आणि मला पडदा ओढायच्या कामाला लावलं. आजही ते आठवलं की संताप येतो.

पुढे मोठेपणी एका डॉक्टरांनी सांगितलं, सर्दी काही एकच नसते, तिचे विषाणू शेकडो. एकाला शरीर परतवून लावतं तोवर दुसरा दारात. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या बोईसरला तेव्हा कारखान्यांमागून कारखाने उघडत होते, आणि आमच्या वर्गात सतत कुठल्या कुठल्या गावची नवी मुलं येत होती. साठ जण एका खोलीत, आणि बाहेरचा उग्र वास नको म्हणून खिडक्या बंद! तिथे सर्दी होणार नाही तर काय होणार? आणि कापले कोणाचे, तर माझे केस.

केस गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मला पुन्हा सर्दी झाली. आई म्हणाली, "कान उघडे पडले ना आता. वारं लागणारच."

समोर बाबा जेवत होते. तारापूरच्या कारखान्यातून आले की अंगाचा वास जावा म्हणून ते रोज डोक्यावरून अंघोळ करायचे आणि तसेच पंख्याखाली ताटावर बसायचे. त्यांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. ते दोनदा शिंकले. आई लगबगीने उठली आणि तिने त्यांच्यासाठी आल्याचा काढा ठेवला.

कात्री तिथेच, फळीवर होती.