दाजी आणि वर्षाच्या किल्लीचं घड्याळ

आमच्या दाजींइतका घाईचा माणूस सांगलीपासून साताऱ्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ते ताटावर बसतात, स्टँड यायच्या आत एसटीच्या दारात उभे असतात. एकदा हळदीच्या पेठेतला एक व्यापारी आजारी असल्याचं कानावर येताच ते थेट सांत्वनालाच पोचले. दार खुद्द व्यापाऱ्यानं उघडलं. "बरं झालं, भेट झाली," म्हणून दाजी चहा पिऊन परतले. तोही उकळता, दोन घोटांत.

अशा माणसाला निवृत्तीनंतर नाद लागला तो भलत्याच संथ घड्याळांचा. काचेच्या घुमटाखाली, केसाएवढ्या बारीक तारेला चार पितळी गोळे टांगलेले असतात. ते झुलत नाहीत; सावकाश एका बाजूला फिरतात, थबकतात आणि उलटे फिरतात. एकदा किल्ली दिली की वर्षभर बघायला नको. अशी जुनी घड्याळं दुरुस्त करायला दर रविवारी आम्ही तिघं दाजींच्या घरी जमायचो: ते, मी आणि जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे शिराळ्याचे एक मोटार वायंडिंगवाले. तार लावली की गोळे लयीत येईपर्यंत नुसतं बघत बसायचं असतं. दाजी मिनिटाभरात बोट लावायचे आणि तार पिळवटून जायची.

"आवं दाजी, तार हाय ती, नाडा न्हाई!" वायंडिंगवाले कळवळायचे.

मग साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं घड्याळ आलं. यजमान गेल्यापासून ते बंदच होतं. त्याला बसेल अशी तार आमच्याकडे एकच उरली होती. दाजींनी ताईला बोलावलं आणि स्वतःचे हात टॉवेलनं पाठीमागे बांधून घेतले. वायंडिंगवाल्यांनी तार चढवली. गोळे फिरले, थबकले, परतले. तासाभरानं ताईनं टॉवेल सोडला, तरी दाजी जागचे हलले नाहीत.

घड्याळ पोचवायला साताऱ्याला दाजी आणि मी गेलो. कपाटावर ठेवून चालू केलं, तर बाईंनी काट्यांकडे पाहिलंच नाही. गोळ्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या. "हे ऑफिसातून आले की आधी याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे," म्हणून हसल्या आणि पुन्हा गोळ्यांकडे बघू लागल्या. दाजीही शेजारी बसले.

थोड्या वेळानं मी हळूच म्हणालो, "दाजी, साडेचारची गाडी..."

"जाऊ दे रं ती," दाजी पुटपुटले. "बाई एकट्या बसतील."