मिस्त्रींची अर्धी गोळी

ट्रकची इंजिनं खोलण्यात मिस्त्रींची चाळीस वर्षं गेली होती आणि त्यांतली निम्मी तरी ओरडण्यात गेली असावीत. पाना चुकीच्या खणात दिसला तरी त्यांचं टाळकं सटकायचं. आता हृदय कमजोर झालं, तर त्याचाही त्यांना रागच आला. चार पायऱ्या चढून धाप लागते म्हणजे काय!

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हृदय दमलंय. ते कमी पडतंय म्हणून शरीरातल्या नसा त्याला सारख्या दामटतायत, त्यानं ते आणखी थकतंय. ही गोळी ती घाई रोखते. अर्धीपासून सुरू करू. मध्येच सोडायची नाही."

दहा दिवसांत मिस्त्री आणखीच गळून गेले. नाडी मोजली तर अठ्ठावन्न. त्यांचं डोकं फिरलं. मरगळलेलं इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वाढवतात, हे गॅरेजमधलं शेंबडं पोरही सांगेल. आणि ही बाई ठोके कमी करतेय! त्या दिवसापासून बायकोनं हातावर ठेवलेली गोळी ते गालात दाबायचे आणि बेसिनमध्ये थुंकायचे. तीन-चार दिवस तरतरीही आली. स्वारी स्वतःच्या अकलेवर खूश होती.

मग पाय सुजले. पाठ टेकली की जीव गुदमरायला लागला. एका दुपारी घास हातातच राहिला आणि मिस्त्रींना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं थुंकलेल्या गोळ्या कबूल कराव्याच लागल्या.

"गोळी सोडलीत, नसांना रान मोकळं मिळालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीतलं पाणी उतरलं की पुन्हा अर्धीपासून."

मिस्त्री ऑक्सिजन लावलेला असतानाच कडाडले, "तुमच्या गोळीनं मेल्यागत झालो होतो मी! आधी थकवा वाढतो, हे सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. सुरुवातीचे काही आठवडे जड जातील म्हणून. तुम्ही गोळ्या आणायला बाहेर गेला होतात, तुमच्या मिसेसना सांगितलं."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही.

"सांगितलं असतं, तर पहिली तरी गोळी घेतली असतीत?"

"म्हणजे फसवलंस मला?"

"हो, फसवलं! आणि तुम्ही बेसिनमध्ये काय थुंकत होतात? लग्न झाल्यापासून तुमची ओरड ऐकतेय. तुमच्या कानावर साधी गोष्ट घालायची, तरी आधी माझंच काळीज धडधडतं. त्याला कुठली गोळी आहे, विचारा ना यांना!"

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे पाहत नाडी मोजली आणि तिला खुर्चीवर बसवलं.