सज्ज यंत्रणा आणि आमचे घरमालक

‘यंत्रणा सज्ज आहे’ हे तीन शब्द वाचून दचकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि गेली नऊ वर्षं, गावच्या शाळेत शिकवायला आल्यापासून, मी त्याच्याच माडीवर भाड्यानं राहतो. पेपरात पूर येणार, टोळधाड येणार किंवा नुसतीच थंडी वाढणार अशी बातमी असली, तर आमचे घरमालक ती चहा पीत शांतपणे वाचतात. पण खाली ‘प्रशासन सज्ज’ असं छापलेलं दिसलं की कप खाली ठेवतात, चष्मा पुसतात आणि जिन्याखालून मला हाक मारून सांगतात, "सर, सज्ज हाय म्हणत्यात. आता काय खरं न्हाई."

गावात त्यांना सगळे शेठ म्हणतात. आमच्या कडेगाव भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी घर सोडून जातात. परमुलखातल्या सराफ बाजारात एक खोली घ्यायची, जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची आणि सराफाच्या हातात चोख सोनं ठेवायचं, असा तो धंदा. शेठनी तो केरळात बत्तीस वर्षं केला आणि मग दुकान पुतण्याच्या हवाली करून ते गावी परतले. येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या: एक जुनी भट्टी, रागावल्यावर वापरायचे मल्याळी शब्द, आणि कोणतीही वस्तू स्वतः पारखल्याशिवाय तिच्यावर विश्वास न ठेवण्याची सवय. पिवळं दिसतं म्हणून सोनं म्हणायचं नाही, आधी इस्तवात घालायचं आणि मग बोलायचं, हा त्यांचा नियम सोन्यापुरता ठीक होता. पण सोनं सुटलं तरी नियम सुटला नाही. दुकानात काड्यापेटी घेतली की ते त्यातली एक काडी तिथंच ओढून बघत. शेवटी वैतागून दुकानदारानं शेठसाठी एक काडी आधीच ओढलेली पेटी बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली, तर शेठनी दुसरी काडी ओढली. पुतणीला बघायला आलेल्या मुलाचा स्वभाव कळावा म्हणून त्यांनी त्याच्या चपला लपवल्या. मुलगा मुळीच चिडला नाही. तो माझ्या चपला घालून निघून गेला आणि शेठनी ते लग्न पक्कं केलं. मला खोली देण्याआधी त्यांनी अंगणातला नळ मुद्दाम ठिबकत ठेवला होता आणि मी तो बंद करतो की नाही हे ते खिडकीतून बघत होते. हे मला चार वर्षांनी कळलं. मी नळ बंद केला होता तो त्या आवाजानं डोकं उठलं होतं म्हणून, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ही सगळी पारख जिच्यासमोर गप्प बसे अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे काकू. शेठच्या पत्नी. केरळात खोली एकच होती. पुढच्या बाजूला भट्टी, मागच्या बाजूला संसार. तेजाबाचा पिवळा धूर दोन्हीकडं सारखाच फिरायचा. बत्तीस वर्षांत शेठना साधा खोकला झाला नाही, आणि काकूंना मात्र दमा जडला. काकूंनी कधी त्याचा उच्चार केला नाही आणि शेठनी तर नाहीच नाही. पण काकू जिना चढताना वरच्या पायरीवर थांबल्या की खाली बसलेले शेठ पेपर वाचायचे थांबत. काकूंचं पुढचं पाऊल वाजलं की पान उलटलं जाई. गावाची, तालुक्याची आणि देशाची म्हणून जी काळजी हा माणूस वाहत असे, ती खरं तर त्या एका छातीची होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त त्यांच्यापुढं ते बोलायची टाप नव्हती.

म्हणून साथीची पहिली बातमी केरळातून आली तेव्हा गावात ती सगळ्यांत आधी शेठना कळली. पुतण्याचा फोन आला होता. नंतर गुजरातेतून, तमिळनाडूतून, जिथं जिथं गावची माणसं भट्टी लावून बसली होती तिथून तिथून फोन येऊ लागले. आमच्याकडं तेव्हा द्राक्षं निघत होती, लग्नं ठरत होती आणि आजार टीव्हीतून बाहेर येईल असं कुणाला वाटत नव्हतं. मग एक दिवस पेपरात आलं की ग्रामीण आरोग्य यंत्रणा पूर्ण सज्ज आहे. शेठनी कप खाली ठेवला, टोपी घातली आणि मला साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन ते गावच्या सरकारी दवाखान्यात गेले.

दवाखाना सांभाळायच्या त्या तिथल्या सिस्टर. डॉक्टरांकडं दोन गावं होती, त्यामुळं सिस्टर म्हणजेच दवाखाना. बोलणं थोडं, पांढरी साडी कडक इस्त्रीची, आणि समोरचा माणूस कितीही आवाज चढवून बोलला तरी आपला आवाज तेवढाच. शेठनी त्यांना सांगितलं की मी सज्जता बघायला आलोय. त्या म्हणाल्या, बघा. शेठ प्रत्येक खाटेवर पाठ टेकून पडून बघू लागले. पहिली कुरकुरली, दुसरीचा पाय लंगडा निघाला, तिसरीवर त्यांना झोप लागली. सिस्टरनी पंखा लावला, अंगावर चादर घातली आणि लसीकरणाला आलेल्या बायकांना हळू बोलायला सांगितलं. उठल्यावर शेठनी तिसरी खाट पास केली. रुग्णवाहिका धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही हे त्यांनी स्वतः धक्का मारून सिद्ध केलं आणि दोन दिवस कंबर धरून बसले. शेवटी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर दिसला. उंच, काळा, पांढऱ्या खांद्याचा, वर धूळ. शेठ म्हणाले, उघडा. सिस्टर म्हणाल्या, त्याची चावी हरवली आहे, मागणी तालुक्याला पाठवली आहे. शेठनी बोटानं त्यावरची धूळ पुसली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. गावाला तो दवाखान्याचा ढिसाळपणा वाटला असता. त्यांना जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबलेल्या काकू दिसत होत्या.

त्यानंतरच्या ग्रामसभेत त्यांनी चावीचा प्रश्न चार वेळा विचारला आणि चारही वेळा त्यांना यंत्रणा सज्ज असल्याचं सांगण्यात आलं. पाचव्यांदा ते मल्याळीत बोलले. काय बोलले ते कुणाला समजलं नाही, पण ग्रामसेवकांनी टोपी सरळ केली. शेठच्या दृष्टीनं आता दवाखान्यातली कुठलीच वस्तू विश्वासाची उरली नव्हती, आणि नेमकं त्याच सुमाराला ताप मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र गावात आलं.

परगावच्या भट्ट्या बंद करून गलाईवाले घरी परतत होते. त्यांना वेशीवर थांबवून ताप बघायचा असं ठरलं होतं आणि त्यासाठी गावाला असं एकच यंत्र मिळालं होतं. सिस्टरनी ते शेठच्या कपाळावर धरलं तर एक आकडा आला, मनगटावर धरलं तर दुसरा, उन्हातून आल्यावर तिसरा. शेठनी काकूंचा ताप बघायचा म्हणून ते तासाभरासाठी मागून घेतलं. सिस्टरनी विश्वासानं दिलं. शेठ सरळ घरी आले, परसातली जुनी भट्टी पेटवली आणि मुशीत काकूंचं एक जुनं जोडवं टाकलं. चांदी कुठल्या उष्णतेला पाघळते हे ते झोपेत सांगू शकत. तेव्हा चांदी पाघळताना यंत्र बरोबर आकडा दाखवतं का बघायचं, दाखवलं तर यंत्र चोख, असा त्यांचा साधा हिशेब. हा हिशेब गलाईवाल्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाला सुचला नसता. काकू मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आवं, ते माणसाचं हाय." शेठ म्हणाले, माणसाचा ताप म्हणजे तरी काय, इस्तूच. आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी यंत्राचं तोंड मुशीच्या वीतभर जवळ नेलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, मग पडदाच विझला, आणि पिस्तुलाची नळी हळूहळू खाली झुकली. परसात प्लास्टिकचा वास सुटला. चांदी मात्र उत्तम पाघळली होती.

ज्या माणसानं यंत्रणेच्या तयारीबद्दल सबंध गाव डोक्यावर घेतलं होतं, त्यानंच गावातलं एकुलतं एक यंत्र भट्टीत घालून आणलं होतं. शेठ ते रुमालात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेले. मी बरोबर होतो. त्यांनी एक अक्षर न लपवता सगळं सांगितलं. सिस्टरनी झुकलेल्या नळीकडं बघितलं, शेठकडं बघितलं, आणि रजिस्टर ओढून लिहिलं, ‘उष्णतेमुळे नादुरुस्त’. उन्हाळ्याचे दिवस होते, वर कुणी काही विचारलं नाही. पुढचा आठवडाभर गलाईवाले काखेत काचेचं थर्मामीटर दाबून वेशीवर एकेक करून उन्हात उभे राहत. त्यात केरळाहून आलेला शेठचा पुतण्याही होता, आणि काका भेटायला वेशीपर्यंत का येत नाहीत हे त्याला समजत नव्हतं.

सिस्टरच्या त्या दोन शब्दांनी शेठ पार बदलले. म्हणजे पारखायचे थांबले असं नाही, पण दवाखान्यात शिरताना चपला बाहेर काढू लागले. पोलिसांना परवानगीचा कागद दाखवत ते मोटारसायकलवरून पलूसला गेले, तिथल्या ओळखीच्या वेल्डरच्या टाळं लावलेल्या दुकानातून सिलिंडरची चावी मिळवली, आणि लाल दोरीनं ती सिलिंडरच्या गळ्यात बांधली. मग रोज येऊन सिलिंडर उघडून बघायला लागले. सिस्टरनी सांगितलं की असंच चाललं तर पेशंट यायच्या आत हवा संपेल. शेवटी असं ठरलं की शेठनी फक्त सोमवारी यायचं, चावी फिरवायची, सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येतात का बघायचं, सिस्टरनी मोठ्यानं एक ते पाच म्हणायचं आणि पाच म्हटलं की बंद. हा सोमवार त्यांनी कधी चुकवला नाही. घरी येऊन काकूंपुढं बसत आणि त्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगत, चावी डावीकडं फिरवली की उघडतं, उजवीकडं फिरवली की बंद. काकू लसूण सोलत ऐकत. त्या कधी दवाखान्यात ते बघायला गेल्या नाहीत, पण डावं-उजवं त्यांना पाठ झालं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात साथ आमच्या गल्लीत आली आणि एका दुपारी काकूंचा श्वास अडकला. कराडच्या मोठ्या दवाखान्यात जागा नव्हती, फोन नुसते वाजत होते. मी आणि शेठनी त्यांना शेजाऱ्याच्या गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सिस्टरनी तिसऱ्या खाटेवर झोपवलं, नाकावर मास्क लावला आणि शेठना म्हणाल्या, उघडा. आठवड्यामागून आठवडे ज्यांनी तो सिलिंडर उघडला होता, त्यांना तो उघडेना. ते चावीवर सगळा जोर लावत होते आणि बाटलीतलं पाणी स्थिर होतं. चावी त्यांच्या हातात, मी मधे कसा पडू हे मला कळेना. तेवढ्यात काकूंनी मास्क बाजूला केला आणि उरलासुरला सगळा श्वास खर्च करून त्या म्हणाल्या, "आवं... डावीकडं."

बुडबुडे आले. शेठ खाली फरशीवरच बसले. संध्याकाळपर्यंत काकूंच्या ओठांना रंग आला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी शेठना विचारलं की वर्षभर मला शिकवत होता ते काय म्हणून. नंतर गावभर ही गोष्ट काकूंनीच हसत हसत सांगितली. शेठ शेजारी बसून मान डोलवत. कुणाची चेष्टा सहन न करणारा हा माणूस एवढी एक चेष्टा पुन्हा पुन्हा ऐकायला तयार असे.

मागच्या थंडीत काकू गेल्या. साथीनं नाही, दम्यानंही नाही. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. उघडायला, फिरवायला, तपासून बघायला काही नव्हतंच. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट वाटलं ते शेठ पेपर वाचताना मधेच थांबत तेव्हा. जिन्यावर कुणीच नसे.

तेरावं झाल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ते टोपी घालून बाहेर पडले. मी काही न विचारता बरोबर गेलो. दवाखान्यात आता नवा सिलिंडर आहे, पण चावी तीच, लाल दोरीची. शेठनी चपला बाहेर काढल्या, चावी पहिल्या झटक्यात डावीकडं फिरवली, आणि पाण्यात बुडबुडे उठू लागले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आता हे कुणासाठी, हे माझ्या मनातलं त्यांनी ओळखलं असावं.

"कुणाचं तरी माणूस असंलच की, सर," ते म्हणाले.

सिस्टर मोजत होत्या. पाच म्हणून झालं, तरी त्या थांबल्या नाहीत. खिडकीकडं तोंड करून त्या सावकाश सहा म्हणाल्या, सात म्हणाल्या, आणि शेठ पाण्याकडं बघत उभे राहिले.