चुकून गेलं असेल तिच्या तोंडून

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, संस्थेत माझ्याबरोबर इतकी वर्षं काढलेल्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला सांगावंसं वाटलं — की तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? बघा, सुरुवातच केली नाही तोवर मी पळवाट शोधायला लागले. ही माझी जुनी खोड आहे.

मी मावळात एका लहानशा संस्थेत काम करते. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांच्या घरी जायचं, गोळ्या चालू आहेत ना बघायचं, सासरच्यांनी कुणाला घराबाहेर काढलं तर जाऊन भांडायचं, आणि शाळा-कॉलेजांत मुलांशी बोलायचं. यातलं शेवटचं काम माझं. ते मला फार छान येतं. उगाच विनय दाखवत नाही, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. विषय निघाला की वर्गातले सर 'जरा ऑफिसात जाऊन येतो' म्हणून सटकतात. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते. मुली माना खाली घालतात. असा वर्ग नुसती माहिती सांगून गप्प होत नाही. गोष्ट सांगितली की होतो.

गोष्ट खऱ्या माणसाची असायची. फक्त नाव बदलायचं, गाव बदलायचं, ओळख पटेल असं काहीही ठेवायचं नाही, असा आमचा नियम. तो नव्या लोकांना शिकवायचे मीच.

सुनंदा कान्ह्याजवळच्या एका वाडीतली. नवरा गेल्यावर तपासणीत तिला स्वतःबद्दल कळलं. रोज लोकलने लोणावळ्याला यायची आणि तुंगार्लीत बंगल्यांवर झाडलोट करायची, भांडी घासायची. घरी सासू, दोन जावा, आणि सगळ्यांचं लक्ष सगळ्यांच्या पिशव्यांवर. तिथे गोळी लपवायची कुठे? यावर उपाय काढला तो मंगलने.

मंगल आमच्याकडे घरभेटी करायची. ती स्वतः याच आजारासोबत जगणारी, त्यामुळे बायका तिच्यापाशी जे बोलायच्या ते माझ्यापाशी कधी बोलल्या नाहीत. मी गेले की खुर्ची पुसून द्यायच्या. मंगल गेली की चुलीपाशी बसवून घ्यायच्या. याचा मला थोडा हेवा वाटायचा का? वाटायचा. तेही सांगून टाकते.

तर मंगलने सुनंदाला मिसरीची डबी दिली. "मिसरीच्या डबीला दुसरं कुनी हात लावत न्हाई ताई, ज्येची त्येची येगळी," ती मला ऑफिसात चहा पिताना म्हणाली होती. हसत होती, स्वतःच्या युक्तीवर खूश होती. दात काळे करणारी ती भाजकी तंबाखू सुनंदा स्वतः कधी लावायची नाही. पण कनवटीला डबी, आणि डबीत गोळ्या. दुपारी बाकीच्या बायका बंगल्यामागे मिसरी लावत बसल्या की हीसुद्धा डबी काढून जरा पलीकडे जायची. डबीत काय आहे हे आम्हा तिघींनाच ठाऊक होतं. सुनंदाला, मंगलला आणि मला.

आणि मी ती डबी वर्गात सांगितली.

लोणावळ्याची एक शाळा होती. मी नाव बदललं, गाव बदललं. डबी नाही बदलली. बदलून चालणार कसं? तिच्यावरच तर सगळी गोष्ट उभी होती! 'ती डबी उघडते — आणि आत मिसरी नसते.' इथे मी थांबायचे. मुद्दाम थांबायचे. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. त्या क्षणी मला सुनंदाची काळजी होती का? नव्हती. मला माझी गोष्ट आवडत होती.

तास संपल्यावर दोन वेण्यांची एक चुणचुणीत मुलगी जवळ आली. म्हणाली, "मॅडम, माझ्या आत्याबरोबर बंगल्यावर एक काकू असतात. त्यांच्याकडं पण डबी आहे. पण त्यांचे दात एकदम पांढरे आहेत. आत्याला लई नवल वाटतं."

त्या काकू कोण, हे मला तिथेच कळलं. "असते गं, बऱ्याच जणींकडे असते," असं म्हणून मी फळा पुसायला वळले. फळ्यावर तासाच्या सुरुवातीला मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'गुप्तता'. ते पुसलं.

त्या संध्याकाळी मी सुनंदाला सावध करू शकले असते. फोन होता. मंगलला नुसतं सांगितलं असतं तरी ती मिळेल ती लोकल पकडून वाडीवर गेली असती. मग का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर कसं झालं तेही सांगावं लागलं असतं, म्हणून. मी घरी गेले, कुकर लावला, आणि मुलं काय, विसरून जातात, अशी स्वतःची समजूत घातली.

मुलगी विसरली नाही. तिने आत्याला सांगितलं असणार, आत्याने आणखी कुणाला. एका दुपारी बंगल्यामागे बायकांनी हसत हसत सुनंदाची डबी ओढून घेतली आणि उघडली. दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या केअरटेकरने तिला फाटकातूनच परत पाठवलं. मग शेजारच्या बंगल्याने. त्या गल्लीत तिच्या हातची भांडी कुणालाच चालेनात. रोज जिच्या शेजारी बसून ती यायची, ती बाईसुद्धा फलाटावर तिला बघून लांब जाऊन उभी राहिली.

सुनंदा ऑफिसात आली ती थेट मंगलच्या अंगावर धावून. "तूच दिलतीस डबी! तुज्याबिगर कुनाला ठावं होतं?" मंगल भिंतीला टेकून उभी होती. "आगं, मी कशाला सांगन? मी बी तीच गोळी खाती न्हवं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. 'तुझ्याशिवाय कुणाला' यात मी कुणाच्या गणतीतही नव्हते. मी त्या वेळी त्याच खोलीत होते. माझ्या टेबलापाशी.

दुसऱ्या दिवशी आमच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांना बसवलं. मंगलला विचारलं, मग मला विचारलं. आणि मी म्हणाले, "मंगल मुद्दाम असं कधीच करणार नाही. चुकून गेलं असेल तिच्या तोंडून."

किती गोड वाक्य आहे, नाही? सगळ्यांना बरं वाटलं. कुणी माझ्या मनाच्या मोठेपणाबद्दलही काही बोललं. तोवर नुसता संशय होता. माझ्या त्या वाक्यानंतर ती गोष्ट पक्की झाली. हे माझ्या तोंडून सहज निघून गेलं का? नाही. ऑफिसचा जिना चढतानाच मी ते जुळवून ठेवलं होतं. माझ्या शिक्षणाला आणि माझ्या आडनावाला त्या खोलीत किती वजन आहे, आणि बौद्धवाडीतून आलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या मंगलच्या शब्दाला किती, हे मला पक्कं माहीत होतं.

मंगलने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आसंल. ताई म्हन्त्यात तर आसंल. माज्याच तोंडातून गेलं आसंल कुटंतरी."

तिने मान्य केलं. जे केलंच नव्हतं ते!

तिच्या घरभेटी बंद केल्या. जिच्या तोंडी गुपित राहत नाही तिला कोण दार उघडणार, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मीही मान डोलावली. तिला ऑफिसातली झाडलोट आणि चहा करणं दिलं. काही दिवस तिने केलं, मग यायची थांबली. सुनंदा माहेरी गेली. मध्यंतरी तिने गोळ्याच सोडल्या होत्या, अगदी अंथरुणाला खिळली होती, मग भावाने दवाखान्यात नेऊन पुन्हा चालू करवल्या, असं कानावर आलं. मी भेटायला गेले नाही. शाळांमध्ये मात्र जात राहिले. आजही जाते. फळ्यावर तोच शब्द लिहिते.

परवा बहीण आली होती, तिला शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला घेऊन गेले. ती रांगेत उभी राहिली. माझे पाय दुखत होते म्हणून मी बाहेर आले, तर रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरून हाक आली, "जयभीम ताई!"

मंगल होती. केस पिकलेत, पण तब्येत बरी दिसली. तिने फडक्याने बाकडं पुसून मला बसवलं. आलं ठेचून माझ्यासाठी वेगळा चहा टाकला. इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "तवा तुमी येकट्याच माज्या बाजूनं बोललात, ताई. मी इसरले न्हाई."

ती जरा जवळ सरकली, आवाज बारीक केला.

"पन आजून आटवत न्हाई ओ, कुटं बोलले मी ते. आंग टाकलं की शोदत बसती. लोकलमदी बोलले? का कुनाच्या वट्यावर? लय आटवून बगितलं. घावतच न्हाई."

टपरीवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बहीण अजून रांगेतच होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते ऐकायला जिचा सगळ्यात जास्त हक्क होता ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

मी म्हणाले, "जाऊ दे मंगल. होतं माणसाकडून. आमच्यापैकी कुणी तुझ्यावर राग धरलेला नाही."

तिने पदराने डोळे पुसले. "लय हलकं वाटलं बगा," म्हणाली, आणि माझा पेला रिकामा बघून पुन्हा भरला.

तो चहा मी प्यायले.