कोडसाठी मोजे काढायला लावले

मंडळी, आमच्या काचीगुड्याच्या दवाखान्यात आजपासून निदानाच्या नव्या कोडांचा, म्हणजे प्रत्येक आजारासाठी ठरवलेल्या अक्षर-आकड्यांच्या खुणांचा, सराव सुरू झाला. बाबा, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, सकाळीच वैतागले. "इतकी वर्षं नुसतं 'डायबेटिस' लिहिलं. कुणाचं अडलं?"

तेवढ्यात त्यांचे जुने पेशंट रहीमचाचा आले. नव्या कोडसाठी डायबेटिसचा पायांवर परिणाम झालाय का, तेही नोंदवावं लागतं. म्हणून मी मोजे काढायला सांगितले.

"पैरां में कुच नई है, बेटी!"

तळव्याला जखम होती. डायबेटिसने पाय बधिर झाल्यामुळे चाचांना ती जाणवतही नव्हती.

बाबांनी खाली बसून स्वतः जखम धुतली. मग मला म्हणाले, "मलाही शिकव हे कोड."

वेळेत सापडली, पाय वाचेल. आता प्रत्येक डायबेटिसवाल्याचे पाय बघणारच, कितीही उशीर होवो. तुमच्या घरच्यांचे तळवे तुम्ही शेवटचे कधी बघितलेत?